दस्तीखालचा भाव

माझे थोरले जावई मोठ्या कंपनीत आहेत. दिवाळीला आले की जेवणानंतर पान लावतात आणि देशाच्या अर्थव्यवस्थेवर बोलायला बसतात. यंदाही बसले. म्हणाले, "मामा, सरकारनं बाजाराच्या भानगडीत पडूच नये बघा. बाजाराचं बाजार बघून घेतो. सरकारनं रस्ते करावेत, पोलीस ठेवावेत आणि गप बसावं." आपल्याकडं जावयाला कुणी उलटून बोलत नाही, मी पण बोललो नाही. "व्हय, व्हय," म्हणत सुपारी कातरत बसलो. पण आतून असा चिडलो होतो म्हणता! माझी बायको मला पक्की ओळखते. तिनं स्वयंपाकघरातून "अहो, जरा हा डबा उघडून द्या" म्हणून हाक मारली आणि मला तिथून उठवलं.

मला अर्थशास्त्र येत नाही. उर्दूतून सातवी झालेला माणूस मी. पण तीस वर्षं धान्याच्या पेठेत उभं राहून घसा फोडलाय. सरकार असलेला बाजार पाहिलाय आणि सरकार नसलेला पण पाहिलाय. जावयांनी दुसरा पाहिलेला नाही, त्यात त्यांची चूक नाही. म्हणून हे लिहायला बसलो. त्यांनी वाचलं तर वाचलं, नाहीतर माझ्याच मनाला बरं वाटेल.

गोष्ट हैदराबाद स्टेटमधली आहे. पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं होतं, पण गंजात जुनंच राज्य चालू होतं. गंज म्हणजे आमच्याकडं धान्याची पेठ. कुठला गंज ते सांगत नाही. तिथल्या जुन्या अडत दुकानांची नातवंडं आजही रस्त्यात भेटली की "शरणार्थी, काका" असा आम्हा लिंगायतांचा नमस्कार करून हात जोडतात, आणि त्या लेकरांचा यात काय दोष?

शेतकरी गाडी भरून माल आणायचा, अडत्याच्या दुकानापुढं रास ओतायचा आणि बाजूला उकिडवा बसायचा. मग खरेदीदार यायचा. दोन दाणे चावून बघायचा, नाक मुरडायचा. अडत्या त्याच्याजवळ जाऊन खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, दोघांच्या हातांवर टाकायचा. त्या दस्तीखाली बोटं धरून सौदा व्हायचा. एक बोट दाबलं की एक, सगळा पंजा धरला की पाच, तळहाताला खाजवलं की अर्धा. तोंडानं दोघं भलतंच बोलायचे. तुमच्याकडं पाऊस कसाय, थोरलीचं जमलं का कुठं, असं. मग दस्ती उचलायची, अडत्या शेतकऱ्याकडं वळायचा आणि भाव सांगायचा. शेतकऱ्यानं मान हलवायची. संपलं. ज्याच्या घामाचा माल, त्यालाच खरा भाव माहीत नाही.

आणि गंमत ऐका. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं! माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मला बैलबाजारात नेऊन ही बोटं शिकवली होती, लिंगपूजा शिकवावी तितक्या मन लावून. मोठ्यानं भाव बोलणं हलक्या माणसाचं काम समजायचे. बोंबलून सांगायला आपण काय भाजी विकायलोय का, असं म्हणायचे. अडत्याशी तीन पिढ्यांचा घरोबा असायचा. पोरीच्या लग्नाला तो लुगडं आणायचा, कुणी मेलं तर खांदा द्यायला यायचा. अशा माणसाला दस्ती काढून दाखव म्हणणार कोण?

आता माझ्या अक्काबद्दल सांगतो, कारण हे सगळं तिच्यामुळं लिहितोय. अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. मी रांगत असतानाच आई गेली, मला अक्कानंच वाढवलं. लग्न होऊन कमठाण्याला गेली तेव्हा मला काखोटीला मारूनच गेली म्हणाना. सासरी तिनं "माझा तम्मा माझ्याजवळच ऱ्हाणार" असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तम्मा म्हणजे कन्नडात धाकटा भाऊ. आमच्या घरात दोन्ही भाषा अशा मिसळलेल्या की कुठली कुठं संपते ते आम्हालाही कळत नाही. मी मिसरूड फुटेपर्यंत तिच्या हातची भाकरी खाल्ली. ते उपकार फेडायची भाषा कशाला करू? फिटणारे नव्हतेच ते.

तिच्या नवऱ्याला तापानं नेलं. मागं दोन लहान पोरी आणि काळ्या मातीचं शेत. शेत मूळचं दोघा भावांचं, निम्मं तिच्या नवऱ्याचं आणि निम्मं त्याच्या थोरल्या भावाचं. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडं भाया म्हणतात. दोघांच्या वाट्याची तूर गाडीत घालून गंजाला नेणं आणि विकून येणं हे भायांचं काम. तिथं माझ्यासारख्या माहेरच्या माणसानं तोंड घातलं असतं तर ती भायांची बेअब्रू झाली असती.

आणि भायापुढं बाईनं बोलायचं नाही, असा रिवाज. तो अंगणात आला की हिनं पदर नाकापर्यंत ओढून आत जायचं. मग भाया भिंतीशी बोलायचे. खरंच सांगतो! अंगणात उभं राहून, भिंतीकडं तोंड करून म्हणायचे, "औंदा तुरीला इतका भाव आला, पैसे देवळीत ठेवलेत." अक्का आतून ऐकायची. तिला काही विचारायचं असलं तरी विचारणार कुणाला, भिंतीला? म्हणजे बघा, तिच्या तुरीचा भाव आधी दस्तीखाली झाकला जायचा आणि मग भिंतीवरून तिच्यापर्यंत यायचा.

भाव दरवर्षी पडता. रास चांगली व्हायची, पैसे यायचे चिमूटभर. मग कुणीतरी कान भरले आणि अक्काच्या मनात वहीम शिरला, की भाया मधल्यामधे हात मारतात. न बोलणारी बाई राग कसा दाखवणार? सणासुदीला ती पुरणपोळीचं ताट भायांच्या घरी पाठवायची, ते तिनं बंद केलं. ताट आलं नाही तेव्हा भाया काही बोलले नाहीत, भिंतीलाही नाही. असं तीन वर्षं चाललं.

मधेच भायांनी स्वतःच्या वाट्याचं शेत विकून टाकलं. परवडत नाही म्हणाले. आणि त्या साली, रास झाल्यावर, भिंतीला म्हणाले, "ह्या खेपंला बघू. पोटापुरतं सुटलं न्हाई तर पाडव्याला हे बी इकून टाकू. पैसे पोरींच्या नावानं ठिवतो, तू तम्माकडं जाऊन ऱ्हा." गुढीपाडव्याला आमच्याकडं शेतीचे सगळे व्यवहार ठरतात. पाडवा दीड महिन्यावर होता.

मला कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. स्वतःचं विकून बसले, आता हिचं विकायला निघाले! तसाच कमठाण्याला गेलो, भांडायच्याच तयारीनं. अक्कानं दारातच अडवलं.

"काय सांगणार हाईस त्येंना?"

"चोर म्हणणार!"

"पुरावा हाय का?"

पुरावा कुठला आणणार? दस्तीखाली काय झालं ते दोन हातांनाच माहीत. अक्का चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. "तम्मा," ती म्हणाली, "तुझ्याकडं यायला मला लाज न्हाई रे. पण त्या शेतात उभी ऱ्हायले की मला कुणाचं मिंधं वाटत न्हाई. तेवढंच हाय माझ्याजवळ." एवढं बोलून तिनं मला भाकरी वाढली.

याच दिवसांत हैदराबादच्या नव्या सरकारला गंजाची आठवण झाली. कायदा म्हणे आधीपासूनच होता, कपाटात पडलेला. तो झटकून बाहेर काढला. आमच्याकडं एक इन्स्पेक्टर साहेब आले, तेलंगणातले. त्यांना मराठी येत नव्हतं, कन्नड येत नव्हतं, आणि उर्दू यायची तीही तेलुगूच्या चालीवर. त्यांना एक पुकारणारा पाहिजे होता. वाचता येणारा, तिन्ही भाषा बोलणारा आणि घसा असणारा. घसा तर मला देवानं असा दिलाय की मठात भजनाला बसलो की स्वामी म्हणायचे, "अरे, देव जवळच हाय, हळू म्हण." मला नोकरी लागली.

हुकूम साधा होता. यापुढं दस्तीखाली सौदा बंद. प्रत्येक राशीची हर्राशी होणार, म्हणजे उघडा लिलाव. खरेदीदारानं तोंडानं भाव बोलायचा, पुकारणाऱ्यानं तो तिन्ही भाषांत ओरडायचा, शेतकऱ्यानं कानांनी ऐकायचा. काटा सरकारनं तपासलेला. ठरल्या अडतीवर, म्हणजे दलालीवर, एक दाणासुद्धा जास्त काढायचा नाही.

पहिल्या दिवसाची फजिती अजून आठवते. मी राशीपुढं उभं राहून ओरडलो, "बोला! बोला! मातनाडी! बोलो भई!" तीसेक खरेदीदार उभे होते. एकानंही तोंड उघडलं नाही. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी भर बाजारात काही अभद्र बोललोय. शेवटी एक जण जवळ आला, जिव्हाळ्यानं हसला आणि दस्ती पसरून हात पुढं केला. आणि मी काय केलं असेल? मी सरकारी पुकारणारा, बिल्ला लावलेला, मीच त्या दस्तीखाली हात घातला की! अप्पांनी शिकवलेलं असं अंगात मुरलेलं. त्यानं तीन बोटं दाबली सुद्धा.

"ये क्या कर रा?" साहेब मागून ओरडले. "मुँह से बोलो, हाथ से नक्को!"

अख्खा गंज हसला. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी दोन कडुलिंबाच्या झाडांना एक दोर बांधायला लावला. म्हणाले, हर्राशी संपेपर्यंत सगळ्यांच्या दस्त्या, शेले, उपरणी या दोरावर. खांद्यावर कापड दिसता कामा नये. बाप रे! आमच्याकडं शेल्याशिवाय चारचौघांत माणूस उभा राहत नाही. एक म्हातारा अडत्या तर भडकलाच. "आता धोतर बी फेडा म्हण की तुझ्या सायबाला!" साहेबांनी मला विचारलं, ते काय म्हणतात? मी म्हणालो, "जी, कह रहे हैं कि इंतजाम बहुत अच्छा है." साहेबांनी म्हाताऱ्याला वाकून सलाम केला. म्हातारा गारच झाला.

पण दुसऱ्या दिवशी हसू पळालं. एकही खरेदीदार गंजात आला नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की उघड्या हर्राशीत माल घ्यायचाच नाही, बघू सरकार किती दिवस दम धरतं. गाड्या येत राहिल्या. राशी पडून राहिल्या. बैलांचा कडबा संपला, माणसांच्या भाकऱ्या संपल्या, आणि सगळ्यांचा राग माझ्यावर. का तर बिल्ला माझ्या छातीवर. "तुझ्या सरकारला सांग, आमचं जे होतं ते बरं होतं! कामून मधे पडायलाय?" एकानं तर माझ्या पायांपुढं थुंकून दाखवलं. आता इतक्या वर्षांनी खोटं कशाला सांगू, मला पण तेव्हा तेच वाटलं. सरकारनं नसत्या जागी नाक खुपसलंय, चार दिवसांत तोंडघशी पडणार आणि मी फुकटचा बदनाम होणार. जावई आज जे बोलतात ते मी त्या दिवशी मनात बोलून चुकलोय.

आणि तिसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या वेळेला, कमठाण्याची गाडी आली. पुढं भाया. मागं पोत्यांवर, पदर खाली ओढून, माझी अक्का! मी बघतच राहिलो. ती जन्मात कधी गंजात आली नव्हती. नंतर कळलं, या वेळी तिनंच भिंतीला सांगितलं होतं, "तूर माझी हाय. मी बी येणार." भाया ओसरीत होते. त्यांनी गाडीत पोत्यांवर घोंगडी अंथरून दिली.

रास ओतली. घेणारा कुणी नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्यांचा नेहमीचा अडत्या हळूच भायांजवळ आला. "पोती परत भरा, दुकानाच्या मागल्या दारानं आणा. जुन्या रिवाजानं करून टाकू. भाव जरा कमी बसंल, पण तुमची खोटी तर होणार न्हाई." भायांनी बैलांकडं पाहिलं, राशीकडं पाहिलं आणि रिकामं पोतं उचलायला वाकले.

बघा, मी मनात म्हणालो, चोराला मागचं दारच आवडतं. मी भायांना आडवा झालो. "अण्णा, एक दिवस थांबा."

"थांबून?" ते म्हणाले. "उद्या कोण घेणार हाय? तुझं सरकार घेणार हाय का?"

मी अक्काकडं पाहिलं. ती गाडीच्या चाकाला टेकून बसली होती. तिनं पदराआडून मान हलवली, नको म्हणून. भायांनी ते पाहिलं. पोतं खाली ठेवलं आणि बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवशी ती दोघं तशीच बसून राहिली. मी घरून भाकरी-पिठलं आणलं, ते एकाच गाडीच्या दोन बाजूंना बसून त्यांनी खाल्लं.

साहेब दोन दिवस दिसले नव्हते. लोक म्हणत होते, सायेब पळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोटारीतून उतरले, धुळीनं पांढरे झालेले, आणि त्यांच्यामागून दोन माणसं उतरली. कलबुर्गीचे डाळ गिरणीवाले. साहेब स्वतः तिकडं जाऊन गिरणी गिरणी फिरले होते. आमच्या गंजात बाहेरच्याला खरेदीला पायच ठेवू देत नव्हते, सगळं या तीसेक जणांचं. साहेबांनी त्या दोघांना तिथंच परवाना लिहून दिला.

हे मला जावयांना नीट सांगायचंय. सरकारनं त्या दिवशी एक दाणा विकत घेतला नाही. कुणाला भाव ठरवून दिला नाही. फक्त आत यायची वाट मोकळी केली आणि काय ते मोठ्यानं बोला म्हणालं. एवढंच केलं! पण एवढं करायला त्या खरेदीदारांपैकी कुणीही येणार नव्हतं. ते सरकारनंच करायचं होतं.

पहिली रास अक्काचीच होती. गिरणीवाल्यांतल्या थोराड माणसानं ओंजळभर तूर उचलली, वास घेतला आणि कन्नडात खणखणीत भाव बोलला. मी तो तिन्ही भाषांत पुकारला. दुसऱ्या गिरणीवाल्यानं वर बोली केली. मी पुकारलं. आमचे खरेदीदार पलीकडच्या चहाच्या दुकानात दडून बघत होते. चांगली तूर डोळ्यांदेखत परगावी चाललेली त्यांना कशी सोसवणार? एक जण उठला. तरातरा आला, स्वतःच्या हातानं दस्ती दोरावर टाकली आणि ओरडला, "एक रुपाया वर!" मग काय विचारता! दुसरा आला, तिसरा आला. मी पुकारतोय, ते चढवतायत, माझा घसा फाटायची वेळ आली. शेवटी चहाच्या दुकानातून पहिला उठून आलेल्या त्या खरेदीदाराचीच बोली राहिली. मी तीनदा पुकारून सौदा पक्का केला.

"तम्मा," भाया म्हणाले, "काय म्हणालास? परत म्हण."

मी परत म्हणालो. मराठीत म्हणालो, कन्नडात म्हणालो. भिंतीला ते दरवर्षी जो भाव सांगायचे त्याच्या दीडपट होता.

भाया त्या खरेदीदाराकडं वळले. "सावकार, गेल्या साली आमची तूर तुमीच घेतलती. काय भावानं घेतलती?"

तो माणूस बोलीच्या भरात होता. पटकन बोलून गेला, "गेल्या साली? गेल्या साली तर ह्याच्याहून जास्त दिलतो की!"

आणि मग त्याचं त्यालाच कळलं, आपण काय बोललो. सगळे अडत्याकडं बघायला लागले. अडत्या दुकानाच्या आत गेला, लगबगीनं, काही तरी विसरल्यासारखा. भाया तिथंच राशीजवळ खाली बसले. मातीत.

"मी माझं इकलं की रे," ते म्हणाले. "परवडत न्हाई म्हणून इकलं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मला माझीच इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. हात मारणारा माणूस स्वतःचं शेत कशाला विकेल? एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. ते जे सांगायचे तेच अडत्यानं त्यांना सांगितलेलं असायचं. त्यांच्या हाताला दस्तीखाली कधी जागाच नव्हती. तीन वर्षं आम्ही त्यांना चोर समजत होतो, आणि ते आमच्याइतकेच, नव्हे, आमच्याहून जास्त नागवले गेले होते.

सरकार भायांसाठी दोन वर्षं उशिरा आलं, हे मी विसरत नाही. पण अक्कासाठी पाडव्याच्या आधी आलं, हे पण विसरत नाही. पुढं भाया शेवटपर्यंत अक्काचंच शेत कसत राहिले, बटईनं, निम्मं निम्मं. त्या शेतावर माझ्या दोन्ही भाच्या शिकल्या, एक तर मास्तरीण झाली. ते तेलुगू साहेब वर्षभरात बदलून गेले. त्यांचा पत्ता मी घेतला नाही, याची हळहळ आहे. हल्ली कुणी सरकारला शिव्या घालायला लागलं की मी पण घालतो, घालण्यासारखं पुष्कळ असतं. पण त्या माणसाला आणि त्याच्या त्या कपाटातल्या कायद्याला माझा रोज हात जोडून नमस्कार असतो.

हे सगळं नंतरचं. त्या वेळी भाया मातीत बसले होते. अक्का चाकाजवळून उठली. चालत आली आणि त्यांच्यापुढं, भर गंजात, चारशे माणसांदेखत उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण तोंडावर नव्हता.

"भाऊजी," ती म्हणाली.

सगळे चपापले. बायका तुरीतले खडे वेचत होत्या, त्यांचे हात थांबले. भायांनी मान वर केली नाही.

"मी तुमच्यावर वहीम घेतला. तीन साल तुमच्या दारात सणाचं ताट पाठवलं न्हाई. माझं चुकलं, भाऊजी."

भाया मातीत बोट फिरवत राहिले. मग तिच्याकडं बघून बोलले, जन्मात पहिल्यांदा. "तुला कशाला बोल लावू? मला वाटायचं, आपली काळीच कमसल. मातीला दोष देत ऱ्हायलो मी." त्यांनी हाताची माती झटकली. "माझं गेलं ते गेलं. तुझं ऱ्हायलं, बाई. आता इकायचं न्हाई."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुढच्या राशीजवळ एक म्हातारी उभी होती, एकटीच, दोन पोती तुरीची. खरेदीदार तिच्यापुढं जमून माझी वाट बघत होते. मला पाऊल उचलवेना.

अक्कानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "कामून थांबलास? जा," ती म्हणाली, "तिला बी ऐकू दे."